‘मी’ म्हणणारी कविता

२५ ऑगस्ट १९६८, रविवार. मॉस्कोच्या लाल चौकात बत्तीस वर्षांची एक बाई बाबागाडी ढकलत आली. गाडीत तिचं तीन महिन्यांचं बाळ होतं आणि बाळाबरोबर लपवून आणलेला चेकोस्लोव्हाकियाचा छोटा झेंडा आणि कापडी फलक. चार दिवसांपूर्वी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले होते. घड्याळात बाराचे ठोके पडले तसे आठ जण चौकातल्या जुन्या दगडी चौथऱ्यापाशी बसले. एकेकाळी झारची फर्मानं तिथून लोकांना ऐकवली जात. त्यांनी फलक उलगडले. एकावर लिहिलं होतं, ‘तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी’. पुढच्या काही मिनिटांत साध्या वेशातले पोलीस तुटून पडले, फलक फाडले, एकाचे समोरचे दात पाडले आणि सगळ्यांना गाड्यांत कोंबून नेलं.

बाबागाडीवाली बाई म्हणजे कवयित्री नतालिया गोर्बानेव्स्काया. अंगावर पिणारं मूल होतं म्हणून त्या वेळी तिच्यावर खटला चालला नाही. मिळालेलं ते वर्ष तिने घरात दडी मारून काढलं नाही. मित्रांच्या खटल्याची कागदपत्रं गोळा करून तिने त्यांचं पुस्तक केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू केलेलं मानवी हक्कांच्या पायमल्लीची नोंद ठेवणारं पत्रक ती टंकलेखन यंत्रावर कार्बनच्या प्रती काढून हातोहात पोचवत होती. डिसेंबर १९६९ मध्ये अखेर तिला अटक झाली. डॉक्टरांनी ‘हळूहळू वाढणारा स्किझोफ्रेनिया’ असं निदान लिहून दिलं. सरकारशी मतभेद असणं हेच या रोगाचं लक्षण होतं. कझानच्या तुरुंगवजा मनोरुग्णालयात औषधांच्या माऱ्याखाली राहून ती १९७२ मध्ये सुटली. १९७५ च्या डिसेंबरात तिने देश सोडला आणि पॅरिस गाठलं.

तिची एक छोटी कविता माझ्या मनातून जात नाही. तीत ती म्हणते की वॉर्साला तेव्हा वाचवलं नाही ते मी, नंतर प्रागला वाचवलं नाही तेही मीच, आणि या माझ्या दोषाला प्रायश्चित्त नाही.

सोव्हिएत फौजा नदीपलीकडे थांबून असताना जर्मनांनी वॉर्सा बेचिराख केली ती १९४४ मध्ये, तेव्हा ती आठ वर्षांची होती. प्रागसाठी तर तिने करता येण्यासारखं सगळं केलं. तान्हं मूल घेऊन रस्त्यावर उतरली आणि त्याची किंमत वेड्यांच्या तुरुंगात राहून चुकवली. तेवीस-चोवीस कोटींच्या देशात त्या दिवशी त्या चौकात आठ माणसं होती आणि ती त्या आठांतली एक. ‘हे माझ्या नावावर लिहू नका’ असं म्हणायचा अधिकार कुणाला असेल, तर तो हिला होता. तो तिने वापरला नाही. देशाच्या युद्धाविरुद्ध लिहिणाऱ्या परागंदा कवीचं मोल कशात असतं, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर तिच्या या एका ‘मी’त आहे.

हा प्रश्न आता पुन्हा ताजा झाला आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. ४ मार्चला रशियात कायदा झाला. सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. खोटं काय ते सरकार ठरवणार. ‘युद्ध’ हा शब्दच संकटाचा ठरला, ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हणायचं. लोक कोरे कागद हातात धरून उभे राहिले, त्यांनाही पोलिसांनी उचललं. सेंट पीटर्सबर्गमध्ये साशा स्कोचिलेन्को या चित्रकर्तीने दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या जागी युद्धाची माहिती देणाऱ्या चिठ्ठ्या लावल्या. तिला सात वर्षांची शिक्षा झाली. कैद्यांच्या अदलाबदलीत ती ऑगस्ट २०२४ मध्ये सुटली.

कवींचं काय झालं? मॉस्कोत मायाकोव्हस्कीच्या पुतळ्यापाशी १९५८ पासून तरुण मुलं जमून कविता वाचत आली आहेत. पोलिसांनी अनेकदा उधळूनही ही प्रथा पुन्हा पुन्हा उगवली. २५ सप्टेंबर २०२२ ला आर्त्योम कमार्दिन या तरुणाने तिथे युद्धविरोधी कविता वाचली. दुसऱ्या दिवशी पोलीस घरात घुसले. त्याला मारहाण झाली, त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला, वर कॅमेऱ्यासमोर माफी मागायला लावली. २०२३ च्या डिसेंबरात त्याला सात वर्षांची शिक्षा सुनावली गेली, त्याच्याबरोबर वाचणाऱ्या येगोर श्तोव्हबाला साडेपाच वर्षांची. झेन्या बेर्कोविच ही कवयित्री आणि नाट्यदिग्दर्शिका देश न सोडता फेसबुकवर लिहीत राहिली. तिची एक कविता घरोघर पोचली. तीत दुसऱ्या महायुद्धात लढलेला आजोबा नातवाच्या स्वप्नात येतो आणि तुझ्या युद्धासाठी माझा विजय वापरू नकोस, अशी विनवणी करतो. खटला मात्र भरला गेला तो तिने बसवलेल्या एका नाटकावर, ‘दहशतवादाचं समर्थन’ म्हणून. जुलै २०२४ मध्ये तिला सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. कवितेवर खटला भरायची गरजच पडली नाही.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहिण्याचं कारण एक आक्षेप आहे आणि तो आपल्याकडेही सर्रास ऐकू येतो. ‘बर्लिनमध्ये बसून लिहायला काय जातं? हिंमत असेल तर तिथे राहून लिहा.’ हे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः कुठेच काही लिहीत नसतो, पण ते सोडून देऊ. आक्षेपात काही तथ्य आहे का ते पाहू. देशात राहून बोलणाऱ्याचं धैर्य मोठं, यात वाद नाही. कमार्दिनच्या सात वर्षांपुढे परदेशातलं कुठलंही पारितोषिक फिकं आहे. पण त्यावरून ‘सगळ्यांनी तुरुंगात जावं’ असा नियम काढला, तर तो सरकारच्याच सोयीचा नियम होतो. गजाआड गेलेल्या कवीची कविता बहुधा तिथेच थांबते. बाहेर पडलेल्याची सुरू राहते, व्हीपीएनच्या आडवाटेने आणि टेलिग्रामवरून परत घरी पोचते. म्हणून तर रशियन सरकार बाहेर गेलेल्यांचाही पिच्छा सोडत नाही. त्यांना ‘परकीय हस्तक’ ठरवतं, त्यांची पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर १८+ चा शिक्का मारून विकायला लावतं. निरुपद्रवी माणसासाठी कुठलंही सरकार एवढी मेहनत घेत नाही.

आणि परदेशी जाणं म्हणजे सुटका, हेही अर्धंच खरं आहे. चित्रकार रंग घेऊन जातो, गायक गळा घेऊन जातो. कवीची भाषा मात्र आजूबाजूच्या माणसांच्या तोंडी असते. भाजीवाली, बसमधलं भांडण, शेजारणीचा टोमणा, हे सगळं मागे राहतं. गोर्बानेव्स्काया पॅरिसमध्ये जवळपास तीस वर्षं कुठल्याच देशाची नागरिक नव्हती. २००५ मध्ये तिला नागरिकत्व दिलं ते पोलंडने, म्हणजे जिला वाचवलं नाही म्हणून तिने स्वतःला दोषी धरलं होतं, त्या वॉर्साच्या देशाने. मला ही गोष्ट कुठल्याही साहित्यपुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

मग अशी कविता करते तरी काय? एकही क्षेपणास्त्र ती अडवत नाही, हे पहिल्यांदा कबूल करून टाकू. कवितेने युद्ध थांबतं असं म्हणणारे लोक कवितेचंही नुकसान करतात आणि युद्धात मरणाऱ्यांची कुचेष्टाही करतात. कवितेचं काम दुसरीकडे आहे. युद्ध सुरू होण्याच्या खूप आधी ते भाषेत शिरलेलं असतं. पाठ्यपुस्तकातल्या धड्यात, विजयदिनाच्या गाण्यात, युक्रेनियनांना ‘आपले धाकटे भाऊ’ म्हणणाऱ्या लाडिक शब्दात ते मुरत असतं. मरिया स्तेपानोव्हा या मॉस्कोच्या कवयित्रीने हे २०१५ मध्येच ओळखलं होतं. तेव्हा पूर्व युक्रेनमधल्या दोनबासमध्ये लढाई चालू होती आणि जग तिकडे फारसं पाहत नव्हतं. तिने एक दीर्घ कविता लिहिली. तीत जुनी युद्धगीतं, अभिजात कवींच्या ओळी, लोककथांचे तुकडे एकमेकांवर आदळत राहतात. इंग्रजी अनुवादातून वाचतानाही जाणवतं की ही बाई घरातली भांडी एकेक करून उचलून पाहते आहे, विष नेमकं कशात कालवलं गेलं ते शोधते आहे. २०२२ च्या मार्चमध्ये तिने उभं केलेलं संकेतस्थळ रशियात बंद पाडलं गेलं. ती देशाबाहेर पडली. २०२३ मध्ये लाइपझिगच्या पुस्तकमेळ्यात तिला युरोपीय सामंजस्यासाठीचा पुरस्कार मिळाला.

इथे खरा वाद सुरू होतो आणि तो टाळून पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटतं. अनेक युक्रेनियन लेखकांना असे पुरस्कार आणि अशी व्यासपीठं बोचतात. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नामांकित साहित्यमहोत्सवात सैन्यात असलेले युक्रेनियन लेखक आले होते. त्याच महोत्सवात परागंदा रशियन लेखकांचंही सत्र आहे हे कळल्यावर, असं असेल तर आम्ही भाग घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. रशियन लेखकांचं सत्र रद्द झालं. आयोजक संस्थेच्या मंडळावर असलेल्या, स्वतः रशियात जन्मलेल्या माशा गेसेन यांनी निषेध म्हणून पद सोडलं. तेव्हा बऱ्याच भल्या माणसांनी युक्रेनियनांना दूषण दिलं. ‘हे रशियन तर तुमच्याच बाजूचे आहेत, यांच्यावर कसला राग?’

तो राग समजून घ्यायचा असेल तर एका बागेत जावं लागेल. खारकीव्ह प्रांतात इझ्यूमजवळच्या खेड्यात व्होलोदिमिर वाकुलेन्को हा कवी राहायचा, मुलांसाठी लिहायचा. गाव रशियन सैन्याने व्यापल्यावर त्याने रोजनिशी लिहिली आणि सैनिक न्यायला येणार हे दिसू लागलं तेव्हा ती चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवली. मार्च २०२२ मध्ये त्याला नेलं. त्याचा मृतदेह इझ्यूमच्या सामूहिक दफनभूमीत सापडला. सप्टेंबरमध्ये गाव मुक्त झालं तेव्हा विक्टोरिया अमेलिना ही कादंबरीकार त्याच्या वडिलांबरोबर बागेत खणत होती. युद्ध सुरू झाल्यावर तिने कादंबरी बाजूला ठेवली होती, युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करायचं शिक्षण घेतलं होतं आणि कविता लिहायला लागली होती. रोजनिशी तिच्याच हाताला लागली. २७ जून २०२३ ला क्रामातोर्स्कमध्ये ती जेवत असलेल्या उपाहारगृहावर रशियन क्षेपणास्त्र पडलं आणि १ जुलैला ती गेली. सदतीस वर्षांची होती.

एका बाजूला ही दफनभूमी, दुसऱ्या बाजूला ‘रशियन लेखकाची व्यथा’ या विषयावर भरलेलं सभागृह. युक्रेनियन लेखक म्हणतात की आम्ही मरतो तेव्हाही चर्चा त्यांच्याच आत्म्याची होते. मला यात काहीही अवाजवी वाटत नाही. खेरसोन ताब्यात असताना रशियन प्रशासनाने तिथे पुश्किनच्या चित्राचे मोठे फलक लावले होते, हे शहर मुळात रशियन इतिहासाचं आहे असं सांगायला. ज्यांच्या डोक्यावर महाकवी असा आणून बसवला जातो, त्यांनी त्या भाषेतल्या आजच्या कवीला लगेच मिठी मारावी ही अपेक्षा फार आहे.

शिवाय निर्वासनाने माणूस आपोआप शहाणा होतो असंही नाही. जोसेफ ब्रॉडस्कीचं उदाहरण माझ्यासारख्या त्याच्या वाचकाला क्लेश देणारं आहे. १९६४ मध्ये ‘ऐतखाऊ’ म्हणून त्याच्यावर खटला झाला आणि न्यायाधीशबाईंनी विचारलं की तुला कवी कुणी ठरवलं. १९७२ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं. पुढे नोबेल मिळालं. आणि याच माणसाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, युक्रेन स्वतंत्र झाल्यावर, त्या देशाला शिव्याशाप देणारी कविता लिहिली आणि अमेरिकेत श्रोत्यांसमोर वाचली. मरताना तुमच्या ओठांवर पुश्किनच्याच ओळी येतील, तारासच्या थापा नव्हेत, असं तो तीत युक्रेनियनांना सुनावतो. हा तारास म्हणजे तारास शेवचेन्को. जमीनदाराच्या गुलामीत जन्मलेला, १८४७ मध्ये झारने सैनिक करून दूर पाठवलेला, लिहायची आणि चित्रं काढायची बंदी घातलेला, दहा वर्षं ती शिक्षा भोगलेला कवी. एका हद्दपार कवीला दुसऱ्या हद्दपार कवीची जखम ओळखता आली नाही. सोव्हिएत सत्तेचा त्याला मनापासून तिटकारा होता, पण साम्राज्य त्याच्या भाषेत तसंच राहून गेलं होतं.

म्हणून गोर्बानेव्स्कायाच्या ‘मी’कडे मी पुन्हा येतो. परागंदा कवी दोन तऱ्हेने निषेध करू शकतो. एक म्हणजे ‘ते वाईट आहेत, मी त्यांच्यातला नाही, माझी संस्कृती तर टॉलस्टॉयची आहे.’ अशी कविता लिहिणाऱ्याला हलकं वाटतं, वाचणाऱ्यालाही वाटतं, आणि रशियन सैन्याने कीव्हजवळच्या बुचा गावात मारलेल्या, रस्त्यावर पडलेल्या प्रेतांशी तिचा काही संबंध उरत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे ‘हे माझ्या भाषेत, माझ्या नावाने, माझ्या शाळेत शिकलेल्या मुलांनी केलं आहे.’ ही कविता क्षमा मागायची घाई करत नाही, कारण क्षमा द्यायची की नाही हे ज्यांचं घर पडलं ते ठरवतील. ती युक्रेनियन कवीच्या शेजारची खुर्चीही मागत नाही. मला विचाराल तर व्यासपीठावर आधी युक्रेनियन कवी बसावा, आणि त्याची हरकत असेल तर रशियन कवयित्रीने त्या दिवशी सभागृहाबाहेर राहावं. तिची कविता त्याने छोटी होत नाही. पण ती लिहिलीच जाऊ नये, छापलीच जाऊ नये, हे मला मान्य नाही. युक्रेनला तिची गरज असो वा नसो, रशियाला आहे. उद्या रशियन मुलाने विचारलं की तेव्हा आपल्या भाषेत कुणी ‘युद्ध’ हा शब्द उच्चारला होता का, तर दाखवायला काहीतरी हवं.

आता आपल्याविषयी, कारण आपण यात अगदीच तिऱ्हाईत नाही. रशियाविषयी मराठी मनात एक जुना ओलावा आहे. तो खोटा नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी मुंबईच्या कामगारवस्तीत स्टालिनग्राडचा पोवाडा गायला, पुढे १९६१ मध्ये ते रशिया पाहून आले आणि त्या प्रवासावर लिहिलं. माझ्या पिढीने सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त, चित्रांनी भरलेली मराठी पुस्तकं वाचली. त्या पुस्तकांतलं सगळंच ‘रशियन’ समजून आम्ही मोठे झालो. गोगोल युक्रेनमध्ये जन्मला होता, फॅसिझमशी लढलेल्या लाल सैन्यात लाखो युक्रेनियन होते, हे फार उशिरा ध्यानात आलं. सबंध सोव्हिएत संघाचं ऋण आम्ही एकट्या मॉस्कोच्या खात्यावर जमा केलं.

१४ सप्टेंबर २०२२ ला मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचं अनावरण झालं. देवेंद्र फडणवीस त्यासाठी तिथे गेले होते. मराठी वर्तमानपत्रांत फोटो आले, ऊर भरून आला. माझाही आला. उपाशी माणसाच्या शाहिराला जगाने मान द्यावा, हे आपलं जुनं स्वप्न. बरोबर अकरा दिवसांनी त्याच शहरात, दुसऱ्या एका कवीच्या पुतळ्यापाशी, कमार्दिनने कविता वाचली. पहिली बातमी आपण पहिल्या पानावर वाचली. दुसरीचा आपल्याकडे मागमूसही नव्हता. अण्णाभाऊंच्या ‘लाल बावटा’ कलापथकावर आणि तमाशावर मुंबई सरकारने बंदी घातली होती, म्हणून त्यांनी तो प्रकार लोकनाट्य म्हणून उभा केला. गाण्यावर बंदी आली की काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवशी त्या चौकात ते असते तर कुणाच्या बाजूला उभे राहिले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

१ मार्च २०२२ ला खारकीव्हमध्ये खाण्याच्या वस्तूंसाठी रांगेत उभा असलेला कर्नाटकातला एक वैद्यकीय विद्यार्थी तोफगोळ्याने मारला गेला. महाराष्ट्रातली मुलं तेव्हा तिथल्या तळघरांत होती, इथे आईबाप फोन उशाशी घेऊन जागत होते. दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला. पाच विरोधात गेले आणि ३५ देश तटस्थ राहिले, त्यांत आपण होतो. सरकारला तेल, शस्त्रं, सीमा, असा सगळा हिशोब असतो. तो मी समजू शकतो. पण वाचकाला तटस्थ राहायची काय गरज? ‘दोन्हीकडून चूक असते’ हे वाक्य आपल्या चर्चांत इतकं सहज येतं की आक्रमण कुणी केलं हा साधा प्रश्नही उद्धट वाटू लागतो.

एकेकाळी रशियनमधून थेट मराठीत आणणारे अनुवादक आपल्याकडे होते. ती वाट पुन्हा चालती करायची असेल, तर या वेळी सुरुवात चेरीच्या झाडाखालच्या रोजनिशीपासून व्हावी. त्यानंतर अमेलिनाच्या कविता. मग बेर्कोविचचा आजोबा, मग स्तेपानोव्हा. क्रम असाच असावा, असा माझा आग्रह आहे.

गोर्बानेव्स्काया २५ ऑगस्ट २०१३ ला पुन्हा लाल चौकात गेली होती. पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून काही तरुण तोच फलक घेऊन आले, ‘तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी’. ती सत्याहत्तर वर्षांची होती, त्यांच्यात उभी राहिली. पोलिसांनी दहाएक जणांना पकडून नेलं, तिला हात लावला नाही. २९ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये ती वारली. युरोपशी करार टाळणाऱ्या सरकारच्या निषेधात कीव्हच्या मैदानात तेव्हा आठ दिवसांपासून विद्यार्थी थंडीत बसून होते.